संपावरचं भूत : चाळीतली विनोदी भूतकादंबरी कशी बांधावी

विनोदी भूतकादंबरी बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकरणात मरते. पहिल्यात भूत दिसतं, दुसऱ्यात लोक घाबरतात, आणि तिसऱ्यात लेखकाच्या लक्षात येतं की भुताला पुढे करायला कामच नाही. मग ते भांडी पाडतं, दिवे घालवतं, शेवटी कुणाला तरी उपदेश करतं. हे टाळायचं तर पहिलं पान लिहिण्याआधी एक गोष्ट पक्की करा : भुताचं चाळीकडे काय येणं आहे आणि चाळीला भुताकडून काय हवंय. दोन्हीकडची बाकी एकदम चुकती होता कामा नये. एकाची फेड झाली की दुसऱ्याची अडली पाहिजे. वाईट काळ निवडायचा तो याचसाठी. टंचाईत माणसं डाळसुद्धा मोजून घेतात, मग भुताचा हिशेब कसा सोडतील?

हे नुसत्या तत्त्वावर समजत नाही, म्हणून इथे एकच कादंबरी डोळ्यासमोर ठेवून बांधत जाऊ. जागा लालबाग-परळकडची एक कल्पित खासगी चाळ. काळ मार्च ते ऑक्टोबर २०२०. भूत एका गिरणी कामगाराचं.

भुताची मागणी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो चिरडला, विरला, कामगार गावाला गेले, गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले. पण संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. कादंबरीकाराला याहून चांगली देणगी मिळणार नाही. आपलं भूत अजून संपावर आहे. घाबरवणं हे भुताचं काम आणि संपात काम बंद, म्हणून ते कुणालाच घाबरवत नाही.

“बाबा, तो वसुलीवाला परत आला. जरा घाबरवा ना त्याला.”
“संप चालू आहे.”
“अहो, अडतीस वर्षं झाली!”
“मागे घेतल्याचा कागद दाखव.”

कादंबरीचं इंजिन एवढंच. लोक हसतात आणि भूत मात्र अजिबात विनोद करत नसतं. विनोदी भूतकथेत भुताने गंभीरच राहावं. टिंगलखोर भूत दहा पानं चालतं, पुढे ते टीव्हीवरच्या सूत्रसंचालकासारखं बोलायला लागतं.

आता चाळीला त्याची गरज कशासाठी? १ मार्च २०२० रोजी म्हाडाने गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी ३,८९४ घरांची सोडत काढली. घर साधारण २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेनऊ लाख. तीन आठवड्यांत टाळेबंदी लागली. आपल्या कुटुंबाचं नाव सोडतीत लागलंय, पण कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता हे कागदांवर सिद्ध करायचंय. तिकीट नंबर, ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचा नंबर, विमा योजनेचा कागद असं काहीतरी हवं. ते कुठे ठेवलंय हे फक्त मेलेल्यालाच माहीत. आणि तो म्हणतो, आधी संपाचा निकाल सांगा.

इथे तारखांची चूक झाली तर सगळंच कोसळतं. भुताचा मृत्यू चुकून १९८१ मध्ये टाकलात तर ना संप उरतो ना घराची पात्रता. १९८३ चा पावसाळा धरा. जन्म १९३८, म्हणजे मरताना तो ४५ वर्षांचा. बायकोचा जन्म १९४२, ती २०२० मध्ये ७८ वर्षांची. मुलगा १९६५ चा, तो ५५ वर्षांचा. म्हणजे बाप मुलापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसतो आणि बायको नवऱ्यापेक्षा तेहतीस वर्षांनी मोठी. हे आकडे भिंतीवर लावून ठेवा. निम्मे विनोद आणि कादंबरीतले सगळे हळवे प्रसंग यांतूनच निघतात. मुलाचे गुडघे दुखतात आणि बाप जिना उड्या मारत उतरतो. म्हातारी नवऱ्यासमोर आरशात पाहायचं टाळते. हे प्रसंग समजावून सांगू नका, नुसते घडू द्या.

कुठल्या जातीचं भूत?

हा प्रश्न टाळून मराठी भूतकथा लिहिता येत नाही. परंपरेतली भुतं जात, लिंग आणि मृत्यूचा प्रकार यांनुसार वाटलेली आहेत. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. वासना राहून गेलेला ब्राह्मण समंध होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ, बुडून मेलेला गिऱ्हा. दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवचार आहे, पण तो गावाची सीम राखतो. त्याच्याशी भुतासारखं वागाल तर त्या भागातला वाचक पुस्तक मिटेल. गिरणीत मागाच्या धोट्याखाली जन्म गेलेल्या माणसासाठी या यादीत जागाच नाही. हीच त्याची तक्रार होऊ शकते : मेल्यावरसुद्धा बदली कामगार, कायम केलंच नाही.

गिरणीतलं खातंही विचार करून निवडा. विणकाम खात्यात धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्या उष्ट्याच्या नावाखाली दलित कामगारांना तिथे घेतलं जात नसे. त्यांना त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईकडे काम मिळे, तेही कमी पगाराचं. त्यामुळे ‘आमचे बाबा साच्यावर होते’, म्हणजे विणकामाच्या मागावर होते, या एका वाक्यातून जाणत्या वाचकाला घराण्याची बरीच माहिती कळते. लेखकालाच ती नसेल तर पात्राचं आडनाव एक सांगतं आणि खातं दुसरंच.

साच्यावरचा माणूस घेतलात तर आणखी एक फायदा आहे. यंत्रांच्या आवाजात ऐकू येत नसे, म्हणून साचेवाले मोठ्याने बोलत आणि समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखत. आता २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क. भुताला कुणाचंच बोलणं कळत नाही आणि ते स्वतः मात्र सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलतं. गुपित सांगायचं तर मास्क काढावा लागतो, आणि मास्क काढला की शेजारीण ओरडते. असा विनोद उसना आणावा लागत नाही, तो धंद्याच्या तपशिलातून येतो.

नियमांचा कागद

भुताचे नियम एका कागदावर लिहा. सातांपेक्षा जास्त झाले तर वाचकाच्या लक्षात राहत नाहीत, चारांपेक्षा कमी असले तर लेखक फसवायला मोकळा राहतो. आपल्यासाठी हे पुरेत. भूत रातपाळीच्या वेळेतच येतं, रात्री बारा ते सकाळी सात. ते विडीहून जड काही उचलू शकत नाही. त्याला फक्त १९८३ पर्यंतचं माहीत असतं, पुढचं कुणी सांगितलं तरच. चाळीच्या फाटकाबाहेर ते पाय टाकत नाही, कारण चाळ कमिटीचा आदेश ते मानतं आणि पालिकेने इमारत सील केली की तोही आदेश पाळतं. ज्यांनी संपाच्या काळात त्याच्या घरी जेवण केलंय किंवा त्याला जेवू घातलंय त्यांना, आणि त्यांच्या वंशजांनाच ते दिसतं.

शेवटचा नियम सगळ्यात कामाचा. कोण कुणाकडे जेवलं होतं याची यादी त्यामुळे आपोआप उघडी पडते. ‘आम्ही कुणाकडून शितभरही घेतलं नाही’ असं चाळीस वर्षं सांगत आलेल्या बाईंच्या नातवाला भूत दिसलं की पुढे काही लिहावं लागत नाही.

नियम एकदाच मोडायचा, तोही शेवटच्या चौथ्या भागात, आणि मोडण्याची किंमत भुताने द्यायची. अडचणीच्या वेळी भुताला नवीन शक्ती सुचली तर ते प्रकरण फाडा.

चाळीचा नकाशा

बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या सरकारी) चाळीत मधून बोळ जातो, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, एका मजल्यावर वीस. खासगी चाळीत बहुधा समोर उघडी गॅलरी असते. हा फरक सजावटीचा नाही. बोळात भूत लपतं, गॅलरीत त्याला प्रेक्षक मिळतात. ही कादंबरी सगळ्यांची आहे, म्हणून गॅलरी घ्या.

मजल्याचा नकाशा काढा : जिना, संडास, नळ, प्रत्येक खोलीची मोरी आणि पोटमाळा. खोल्या वीस असल्या तरी दारं सहाच उघडा. बाकीच्या चौदा फक्त आवाजाने आणि वासाने कळू द्यात. कुणाकडे कुकरच्या शिट्ट्या, कुणाकडे रात्रीचा खोकला, कुणाची सासू. पहिल्या मसुद्यात हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्या वीस पानांत बावीस नावं. पहिल्या प्रकरणात तीन, पुढे दर प्रकरणी एक, आणि प्रत्येक पात्र आत येताना त्याच्या हातात काहीतरी असू द्या. रिकाम्या हाताने चाळीत कुणी फिरत नाही.

निवेदन ‘आम्ही’चं करा. ‘आम्हाला तेव्हाच वाटलं होतं’ असं म्हणणारी गॅलरीच कथा सांगते. पण ‘आम्ही’ला मर्यादा आहे : बंद दारामागचं त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. भूत गेल्यावरचं नवरा-बायकोचं बोलणं लिहायचं असेल तर ते लाकडी भिंतीपलीकडून, अर्धवट लिहा. गाळलेले शब्द गॅलरी आपल्या मनाने भरते, आणि ते भरणं चुकीचं असतं. इथे एक मालवणी प्रकार कामी येतो. संकट आलं की कुणीतरी ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून गाऱ्हाणं घालतो आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पूर्ण पुस्तकात तीनदा वापरा. चौथ्यांदा तो नाटकी वाटतो.

तारखा

२०२० च्या तारखाच निम्मं कथानक रचून देतात, फक्त त्या बरोबर लावा. २२ मार्चच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता थाळ्या. टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, गुढीपाडव्याचा होता. गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही, मग काय बांधलं हे सहा घरांत सहा तऱ्हांनी दाखवता येतं. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करून गॅलरीत पणत्या. भुताची वेळ बाराची, त्यामुळे ते तेव्हा येऊ शकत नाही. नवख्या लेखकाला तिथेच ते आणण्याचा मोह होतो. मोह आवरा. त्या रात्री बारा वाजता ते येतं आणि पणत्यांचं उरलेलं तेल पाहून विचारतं, कोण गेलं?

३ जूनचं निसर्ग चक्रीवादळ मुंबईला चाटून रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. गावच्या घराचे पत्रे उडाल्याचा फोन येतो, पण जायला गाडी नाही. २२ ऑगस्टला गणपती, सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. आणि मग खरी चैन : सर्वपित्री अमावस्या १७ सप्टेंबरला, पण लगेच अधिक अश्विन लागल्यामुळे घटस्थापना थेट १७ ऑक्टोबरला. पितरांना निरोप दिला आणि पुढचा सण महिनाभर लांब. भुताने त्याचा अर्थ काय लावावा? ‘म्हणजे मुदतवाढ.’ पुस्तकाचा शेवटचा चौथा भाग या महिन्यात बसवा.

पैसे आणि धान्य

प्रत्येक उघड्या दारामागे एक वही ठेवा : महिन्याला किती येतं, कुठून, कधी बंद झालं. वाईट काळ ‘हलाखी’ या शब्दाने दिसत नाही, आकड्याने दिसतो. एक उपकथानक असं घ्या : एका घरातली आजी जानेवारीत गेलीय, पण तिचं नाव रेशनकार्डावर तसंच आहे. २०२० मध्ये प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळायचं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने. एप्रिलपासून वर माणशी ५ किलो मोफत. म्हणजे आजीच्या नावावर महिन्याला १० किलो. नाव कमी करावं की नाही, यावर त्या घरात रोज भांडण होतं. आणि भुताला नियमाप्रमाणे नोंद हवी : मेलेल्याने खायचं नसतं. तरी आजीच्या वाट्याच्या तांदळातून त्याच्या नावाचा घास बाजूला काढला जातो तेव्हा ते गप्प बसतं.

विनोद कुठे, कुठे नाही

मृत्यूच्या प्रसंगावर विनोद करू नका, त्याच्या आजूबाजूच्या कारभारावर करा. त्या दिवसांत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. ज्या चाळीत खांद्याला दोनशे माणसं मिळायची तिथे वीसांची यादी कोण करणार, कुणाचं नाव एकविसावं, यावरची बैठक हसवू शकते. यादीतला विसावा माणूस स्वतःहून नाव मागे घेतो, तिथे हसणं थांबवा आणि प्रकरणही तिथेच संपवा.

बाईच्या अंगात येणं हा विनोदाचा विषय नको. मांत्रिक आणायचाच असेल तर लक्षात ठेवा की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा होऊ शकते. २०२० मधल्या चाळीला हे ठाऊक असतं. मांत्रिक मोबाइलवरून ऑनलाइन विधी सांगतो, नेट सारखं अडकतं, आणि भूत शेजारी बसून त्याचे उच्चार दुरुस्त करतं, एवढं पुरे.

सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणजे कमिटीची भाषा. दर चार-पाच प्रकरणांमागे एक सूचना फळ्यावर लावा :

“सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, रात्री १२ नंतर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसणारी व्यक्ती ही इमारतीतील जुनी भाडेकरू आहे. तिला पाहून आरडाओरडा करू नये. पाण्याची वेळ बदललेली नाही.”

हशा शेवटच्या वाक्याला येतो, कारण चाळीच्या दृष्टीने महत्त्वाची बातमी तीच. सूचना साठ शब्दांपुढे नेऊ नका आणि तिच्यात उद्गारचिन्ह घालू नका.

बोली

भुतं नाकात बोलतात ही जुनी रीत आहे. ती अनुस्वार देऊन लिहायला गेलात तर पाच ओळींत वाचक दमतो. एकदा सांगा की आवाज नाकातून येतो, मग सरळ लिहा. मालवणी, साताऱ्याकडची, चाळीतल्या पद्मशाली कुटुंबाची तेलुगू वळणाची मराठी, या सगळ्या हव्यात, पण पूर्ण वाक्यं बोलीत नकोत. क्रियापद आणि हाक मारण्याची पद्धत बोलीत ठेवा, बाकी प्रमाण. म्हातारी पंचेचाळिशीच्या नवऱ्याला ‘अहो’च म्हणते, मुलगा बापाला ‘तुम्ही’च म्हणतो. नातू मात्र त्याला पहिल्या दिवसापासून ‘अरे आजोबा’ करतो. गिरणीचे शब्द, म्हणजे साचा, कांडी, बीम, मुकादम, खाडा, बदली, भोंगा, बिल्ला, समजावून न सांगता वापरा. अर्थ प्रसंगातून कळत नसेल तर प्रसंग कमी पडलाय.

मापं

एकूण ६२ ते ६७ हजार शब्द, २८ प्रकरणं, प्रत्येकी २,२०० ते २,४०० शब्द. छापील पुस्तक सव्वादोनशे पानांच्या आसपास भरतं. भूत पहिल्यांदा दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, नियम सहाव्यापर्यंत सगळे उघड, कागद कुठे आहेत याचा पहिला सुगावा दहाव्यात, इमारत सील चौदाव्यात. सील झाल्यावर तीन प्रकरणं भुताची मागणी पूर्ण बाजूला ठेवा. दूध कोण वाटणार, संडास कोण धुणार, औषधं कोण आणणार एवढंच चालू द्या. वाचक भुताची वाट पाहायला लागतो आणि ते परत येतं तेव्हा दोरीने औषधाची पिशवी खेचणाऱ्या पोरांना १९८२ मध्ये धान्य कसं वाटलं होतं ते सांगतं. समूहाची गोष्ट इथे उभी राहते. आधी कितीही ‘एकी’ म्हटलंत तरी ती उभी राहत नाही.

शेवटाला मुक्ती देऊ नका. संप मागे घेण्याचा अधिकार चाळीला नाही आणि लेखकालाही नाही. कमिटी फार तर ठराव करू शकते की दुसऱ्या मजल्यापुरता तोडगा निघाला आहे. भूत त्यावर सही करायला तयार होतं, पण पेन विडीहून जड. नियम मोडायची जागा हीच. त्याची किंमत काय, हे तुमच्या नियमांच्या कागदावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असायला हवं.

मसुदा झाला की दोन वाचनं वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्या. एक गिरणीत काम केलेल्याकडून, त्याला फक्त एवढंच विचारा की कुठल्या पानावर ‘असं नव्हतं’ वाटलं. दुसरं मोठ्याने, चारपाच जणांत. जिथे ऐकणारे हसले तिथे पेन्सिलने टिंब करा. जिथे हसण्याच्या आधीच वाचणारा हसला, ती वाक्यं काढून टाका.